नसलेली होडी

१२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घरी नीट पोचलास ना? छत्री इथेच विसरलायस. एवढं मोठं जहाज सांभाळतोस, छत्री मात्र सांभाळत नाहीस, असं वहिनीला माझ्यातर्फे सांग.

आता कामाचं. आमच्या सिम्युलेटरवर तू दर पाच वर्षांनी उजळणीला येतोस. सुकाणू, रडार सगळं जहाजासारखंच, फक्त काचांपलीकडे पडद्यावरचा समुद्र. अंधारात बंदरात शिरायचा सराव तर तुला पाठच आहे. वळणावर डावीकडून हिरवा दिवा लावलेली होडी आडवी येते.

परवा वळणाशी येताच तू ठणकावून सांगितलंस की डावीकडे हिरवा दिवा दिसतोय, सुकाणू उजवीकडे घ्या. दादा, ती होडी मी या वेळी तिथे ठेवलीच नव्हती. जुने लोक नव्यांना उत्तरं सांगून ठेवतात, म्हणून मी होडी उजवीकडे हलवली होती. तिचा लाल दिवा पडद्यावर ठळक होता. तू सरळ तिच्यावर गेलास. हाताखालच्या दोघांनी तू सांगितलंस तसं सुकाणू फिरवलं. कप्तानाला कोण टोकणार?

खरं सांग, तुला दिसतंय ना? तुझं प्रमाणपत्र सहीसाठी माझ्यासमोर पडलंय आणि माझा हात पुढे होत नाही. मला फार भीती वाटतेय.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझी धाकटी

१८ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुमचा पडद्यावरचा समुद्र म्हणजे सिनेमा. त्याच्या जिवावर तू माझ्या आयुष्यभराच्या नोकरीवर बोट ठेवतेस? डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला पास केलंय. महिनाअखेरीस जहाज सुटतंय, बावीस माणसं माझ्या भरवशावर आहेत. सही कर आणि मोकळी हो.

अक्षरं रेघ सोडून पळालीत, कारण टॅक्सीत लिहितोय. वहिनीच्या कानावर यातलं काही घालू नकोस, तिच्या डोक्याला उगाच ताप.

रागात लिहिलंय, पण माया कमी समजू नकोस.

दादा

२३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सही केली नाही, करणारही नाही. त्या बावीस माणसांची आठवण तूच करून दिलीस. मला पोहायला शिकवताना मी कितीही ओरडले तरी तू हात सोडायचा नाहीस. हा हट्टीपणा मी तुझाच उचललाय.

बोलणं टाकू नकोस, एवढंच मागते.

तुझी धाकटी

३० जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे अक्षर वहिनीचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय.

जहाजावर जात नाही, असं कंपनीला कळवलं. वर्षभर मला समोरचं मधोमध धूसर दिसतंय. डॉक्टरांचा अक्षरांचा तक्ताही मी तुझ्या होडीसारखाच पाठ केला होता. होडी तू जागच्या जागी ठेवली असतीस, तर मी पास झालो असतो आणि आज समुद्रावर असतो. त्या विचाराने झोप उडते.

वहिनीला हे सगळं आत्ता, लिहितानाच कळतंय. मघापासून ती मध्ये मध्ये थांबतेय. समोरच बसलीय, पण तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला दिसत नाही. पत्र मिळताच तिला फोन कर.

तुझा दादा