दोन पट्ट्या खाली

बकहॉर्न, केंटकी
१९ सप्टेंबर

प्रिय मेबेथ,

तुझे गुडघे आता चालू देत असतील अशी आशा आहे. इकडे घेवडा बरण्यांत भरून झाला. हॉलिसच्या खुब्याचा सांधा बदलला. माझा हा भाऊ दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सला लग्नाचं विचारतो.

शनिवारी जत्रेतलं माझं गाणं ऐकलंस का, असं विचारणार होते. तू होतीस, मला माहीत आहे.

हॉलिसच्या जागी गिटारला नॅशव्हिलचा एक माणूस आला होता. आपलं नदीचं गाणं कुठल्या पट्टीत, त्यानं विचारलं. मी माइकवरच म्हटलं, ‘बाविसाव्या वर्षी गायले त्याच. मी काय मेबेथ आहे?’ लोक हसले. वरच्या ओळीला आवाज असा फाटला की कोंबडी बरी. वर त्यालाच म्हटलं, ‘गिटार लाव आधी नीट.’ त्यानं तारा तपासल्या. गिटार बरोबर होती.

रविवारी दवाखान्यात हॉलिसला विचारलं, ते गाणं तू कुठल्या पट्टीत वाजवतोस. तो जेली खात होता.

‘मी दोन पट्ट्या खाली लावतो,’ तो म्हणाला. ‘तुझी बोटं आखडली, तू गिटार सोडलीस, तेव्हापासून.’

‘सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं असतं तर तू गाणं सोडलं असतंस. नाहीतर मला.’

मेबेथ आता तळघरातून गाते, मी अजून माळ्यावरच, असं मी रेडिओवर म्हणाले होते. तेव्हापासून तू बोलत नाहीस. घशाच्या ऑपरेशननंतर तू पट्टी उतरवलीस ती लोकांना सांगून. माझी फुशारकी भावाच्या जिवावर होती. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. लाज वाटते, मेबेथ.

खरी लाज तर पुढेच आहे. शनिवारी आवाज फाटून मी थांबले तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी तीच ओळ खालच्या पट्टीत उचलली. सगळे माना वळवून बघत होते. मला बघायची गरज नव्हती. तो आवाज इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा होता. तू मला सावरायला गात होतीस आणि मी मागच्या दारानं गाडी गाठली. गाणं तू एकटीनं पुरं केलंस, हे मला पेट्रोलपंपावर कळलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या जेवणाला मी गाणार आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला दुसरं काही येत नाही. येशील? दोन खुर्च्या मांडायला सांगते. सूर तू धर. पट्टी कुणाची, ते मी आधी सगळ्यांना सांगेन.

नाही आलीस तरी सांगेन. आणि तुझी खुर्ची तिथंच ठेवून गाईन.

आता तुझ्याच पट्टीतली,
व्हर्नेल