आदिनाथच्या पायासाठी नियमावली

रविवार, ५ जानेवारी २०२५. सकाळी ९.४०
आदिनाथचा वळसंगहून फोन. शुक्रवारी ट्रॅक्टरवरून उतरताना घसरला, नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. म्हणाला, दोन दिसांत येडा व्हायची पाळी आली, कॉलेजात खेळायचो तसलं कायतरी लाव की, नवनाथला बी घे.

कॉलेजात आम्ही रोलप्ले खेळायचो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, अडलं की फासा टाकायचा. आता नवनाथ बार्शीला, मी सोलापुरात. म्हणून ऑनलाइन. व्हर्च्युअल टेबलटॉप नावाची सोय असते. नकाशा, सोंगट्या, फासे सगळं स्क्रीनवर. तिथे तयार नियम मिळतात, पण ते परदेशी. आपला स्वतःचा रूलसेट मी बनवणार. पुढच्या रविवारी पहिला गेम. शब्द दिला.

बायकोचं, म्हणजे कीर्तीचं म्हणणं, आधी भेटून या, वीस-बावीस किलोमीटर तर आहे. तिला सांगितलं, भेटायला कोणीही जाईल. रूलसेट कोणीही बनवणार नाही.

मंगळवार, ७ जानेवारी
नाव ठरलं: 'भुईकोट'. पात्रं किल्ल्यात शिरतात, आत अजगर. प्रत्येक पात्राची एक शीट. बारा रकाने. दोन दिवसांचं काम.

गुरुवार, ९ जानेवारी
रकाने एक्केचाळीस. वारसाचं नाव राहिलं होतं. पात्र मेलं तर तलवार कोणाकडे जाणार, याचा परदेशी लोकांनी विचारच केलेला नाही. अकरा वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळतोय, नियमात फट राहिली की काय होतं ते मला विचारा.

रविवार, १२ जानेवारी
गेम पुढे ढकलला. वेशीवरच्या पहारेकऱ्याचे नियम अपुरे. आदिनाथ म्हणाला, फासा टाकून चालू कर, जमंल तसं जमंल. असं चालत नाही हे त्याला शांतपणे समजावलं.
वळसंगला जाणार होतो, पण सिद्धेश्वराच्या यात्रेची, गड्ड्याची गर्दी. कीर्ती म्हणाली, गड्डा होम मैदानावर भरतो, अक्कलकोट रोडवर नाही. वाद घातला नाही.

बुधवार, १५ जानेवारी. सकाळी ६.१०
संकल्प: रोज सहाला उठून एक नियम.
७.०० परत झोपलो. आजचा दिवस अपवाद.

रविवार, १९ जानेवारी
पहिला गेम झाला. ऐतिहासिक दिवस.
नवनाथला शीट भरायला पन्नास मिनिटं लागली. कीर्तीलाही खेळायला घेतलं होतं, ती शेजारच्या खोलीतून मोबाईलवर, तिचा फोटो अपलोड होईना. आदिनाथ वेशीपर्यंत पोचला. पहारेकऱ्याने ओळखपत्र आणि दोन साक्षीदार मागितले. साक्षीदारांच्या शीट अपूर्ण. आदिनाथने चिडून पहारेकऱ्यावर तलवार उगारली. स्क्रीनवर आलं: अर्ज प्रलंबित. त्याने पुन्हा बटण दाबलं. दुबार अर्ज म्हणून फेटाळला. मंजुरी मी द्यायची होती, पण मंजुरीचं बटण मलाच सापडेना. दोन तासांनी तिघंही वेशीबाहेर.
नवनाथ म्हणाला, लेका, सुट्टीच्या दिवशी हापिसात रांगेला उभं ऱ्हायल्यासारखं वाटलं. त्याचे आभार मानले. खेळ वास्तववादी झाल्याची ही पहिली पावती.

बुधवार, २२ जानेवारी
जखमांचे नियम घेतले. आदिनाथला फोन करून माहिती विचारली: कळ किती वेळ टिकते, खाज कुठे येते, कुशीवर वळता येतं का. तो खुलला, अर्धा तास बोलला. मी टिपून घेतलं. शेवटी म्हणाला, पायाचं काय न्हाय रे, वरचा पंखा बघून बघून जीव जातोय, कवा येतोस? ही माहिती कुठल्याच रकान्यात बसत नाही, सोडून दिली.

शनिवार, २५ जानेवारी
नियम ४७ सुचला. जसाच्या तसा उतरवतो: 'पात्र जखमी होऊन अंथरुणाला खिळल्यास, सोबत्याने प्रत्यक्ष जाऊन शेजारी बसावे. प्रत्येक भेटीस प्राणशक्ती दुपटीने भरून येईल. एका दिवसाच्या वाटेवर असलेल्या सोबत्यास कोणतीही सबब चालणार नाही.'
कोणाच्या डोक्यात आलं नसेल असं काही आज माझ्या हातून झालं.

रविवार, २६ जानेवारी
झेंडावंदन करून आलो आणि बसलो. कीर्ती काहीतरी विचारत होती, हेडफोन होता. मान हलवली. नंतर कळलं, नवनाथ बार्शीहून आला होता आणि दोघं वळसंगला गेले. संध्याकाळी कीर्ती परतली तेव्हा तिच्या बोटांना निळी शाई. चौकशी करायला सवड नव्हती, नियम ४७ लोड होत नाहीये.

रविवार, २ फेब्रुवारी
नियम ४७ चालला! दोन खोटी पात्रं करून चाचणी घेतली. एक जखमी, एक सोबती. सोबती रोज चालत जातो, शेजारी बसतो, परत येतो. जखमी भराभर बरा होतो. बघता बघता डोळ्यांत पाणी आलं.
कीर्ती आजही वळसंगला. चला म्हणाली. चाचणी अर्धवट सोडून कसं जाणार?

रविवार, ९ फेब्रुवारी
ग्रुपवर दोन आठवडे कोणी काही विचारलेलं नाही. उत्सुकता ताणली गेली की असंच होतं.
कीर्ती वळसंगहून आल्या आल्या म्हणाली, आज अजगर मारला. रानात जनावर निघायचंच. पुढच्या वेळी बॅटरी घेऊन जा म्हटलं. ती बोटांची शाई धुवायला गेली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सकाळी ११.०० भुईकोट, आवृत्ती पहिली, प्रकाशित. एकशे बारा नियम, चौसष्ट पानांची पीडीएफ. ग्रुपवर टाकली. आजची रजा सार्थकी लागली.

सायंकाळी ६.००
चार वाजता बेल वाजली. दारात आदिनाथ, हातात काठी. मागे नवनाथ. प्लास्टर सकाळीच कापलं म्हणे. नवनाथच्या पिशवीत त्या प्लास्टरचा पुढचा अर्धा भाग होता, तो त्याने टेबलावर ठेवला.
त्यावर निळ्या स्केचपेनने किल्ला काढलेला. वेस, बुरूज, विहीर, गुडघ्याखाली अजगर, त्यावर काट. अक्षर कीर्तीचं. दर रविवारी तिघं खाटेशी बसून त्यावर खेळत होते. लुडोचा एक फासा, सोंगट्या म्हणून भुईमुगाच्या शेंगा. नियम किती, मी विचारलं. कीर्ती म्हणाली, एक. अडलं की फासा टाकायचा.
वेशीबाहेर एक चौकोन होता. त्यात माझं नाव लिहिलं होतं: रत्नदीप.
आदिनाथ म्हणाला, तुजी शेंग पयल्या रविवारपास्नं तितंच ठिवली हुती की. तुजी पाळी आली की आमी जरा थांबायचो, मग फुडं जायचो. खिशातून ती शेंग काढून त्याने माझ्या हातात दिली.
काय करावं सुचेना, म्हणून पीडीएफ दाखवली. तो पानं चाळत नियम ४७ पाशी थांबला. दोनदा वाचलं. म्हणाला, लई झ्याक हाय. ह्ये तू ल्हिलंस व्हय?
हो म्हटलं. कीर्तीने चहा आणला. मला लाज वाटली. खूप वाटली.

शनिवार, १५ फेब्रुवारी
शेंग फोडली. पोकळ. आदिनाथ शेंग नुसती कानाशी हलवून भरली आहे की नाही सांगतो, म्हणजे निवडूनच ठेवली होती.
पाय बरा झाला तरी ते दर रविवारी खेळणार आहेत. उद्यापासून विहिरीत काय आहे ते शोधायचं. मला घ्याल का, कीर्तीला विचारलं. म्हणाली, अर्ज करा.
केला. सगळे रकाने भरले. वारस म्हणून आदिनाथचं नाव दिलं. सबबीचा रकाना कोरा सोडला.
उद्या कीर्ती आणि नवनाथ सव्वाआठच्या एसटीने वळसंगला निघणार. माझा अर्ज अजून प्रलंबित आहे.