चमच्याने खणलेला खड्डा

२१ एप्रिल, धुळे
आजही पडली नाही! काचेच्या पेटीत वाळू, वाळूत रोवलेली पत्र्याची भिंत, आणि मी एका बाजूने चमच्याने खणतेय. अठ्ठावीस सेंटिमीटर खणलं तरी भिंत ढिम्म. सर म्हणतात, छान. मला कंटाळा आलाय.

२३ एप्रिल
सहावी चाचणी. पुन्हा अठ्ठावीस.
जळगावहून हितेंद्रचा फोन. धाकटा भाऊ असला तरी ठेकेदार, त्याला सगळं आजच हवं असतं! तिथल्या कुणा मंजुळाबाईंच्या घराला लागून तळघर खणतोय, तिथेही पत्र्याचीच भिंत, वाळूचाच भराव. किती खोल चालेल? त्याची भिंत माझ्या भिंतीच्या दहापट, म्हणून दहापट धर, म्हटलं — पावणेतीन मीटर. "लिहून दे." दिलं.

२८ एप्रिल
आज उशीर झाला, रोज सकाळी दहाला होणारी चाचणी दुपारी तीनला. सतरावर भिंत आडवी! परत भरली, परत खणलं — सतरा. पेटी तीच, वाळू तीच, चमचासुद्धा तोच. डोकं फिरलं. प्रयोगशाळेतले उखर्डू नाना समोर आले, त्यांच्यावरच खेकसले — वाळूला हात कोणी लावला?

२९ एप्रिल
नाना रात्रभर विचार करून आले होते. "ताई, मी रोज सकायले वाळूवर पानी शिंपडस ना. धुय उडस, तुले खोकला येस."
दहापर्यंत ती वरून कोरडी दिसते. आत ओल, आणि ओली वाळू धरून राहते; तीनपर्यंत ती ओलही उडून जाते. सहाच्या सहा चाचण्या कचऱ्यात! ओरडू कोणावर? माझ्या खोकल्याची काळजी करणाऱ्या माणसावर? ओल मोजायचं काम माझं होतं.
हितेंद्रला फोन केला. दोन मीटर झालेत म्हणे, भिंत उभी आहे. ओल आहे तोवर उभी आहे रे, माणसं वर काढ! हसला. "ताई, तुझ्याच कागदावर खणतोय."

३० एप्रिल, जळगाव
पहिल्या एसटीने आले. खड्ड्याच्या काठावर, सगळ्या मजुरांसमोर माझा कागद फाडला. माझं चुकलं, मोठ्याने म्हटलं. लाज वाटली, खूप. हितेंद्र तोंड फिरवून बसला, पण माणसं वर आली. मंजुळाबाईंना बहिणीकडे अमळनेरला पाठवलं. जाताना मला नाही नाही ते बोलल्या. खड्डा बुजवायला उद्या ट्रक येणार.

१ मे
ट्रक यायच्या आधीच, दहाला, भिंत गेली. मंजुळाबाईंचं स्वयंपाकघरही. खाली हितेंद्रची पाण्याची बाटली तेवढी होती.