शेपटीतला डोंगर

ग्लासगो, ४ ऑक्टोबर १९९१

आणि पुन्हा म्हणशील, उदय माझं ऐकत नाही! अगं आत्या, ऐकलं म्हणूनच तर ही पाळी आली. काळ्या घोड्याची नाल मी मागितली होती? "बर्फावर जायचं नाव काढू नकोस, आणि ही नाल कामाच्या जागी लाव," असं तूच लिहिलंस आणि एवढं जड पार्सल पाठवलंस. असो. वैजयंतीआत्यास साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला थांबला का? मी इथे बरा आहे, म्हणजे मंगळवारपर्यंत होतो.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही (मलाही मंगळवारीच कळलं). मी हँगरमध्ये विमान झाडतो-पुसतो. हे विमान दक्षिण ध्रुवाकडे जातं आणि बर्फावरून नांगर फिरवल्यासारखं सरळ रेघांत ये-जा करतं. पंखाखालून रेडिओच्या लाटा सोडतात, त्या बर्फातून जाऊन तळच्या खडकाला आपटून परत येतात, की हे लोक सांगून मोकळे, इथे बर्फ दोन मैल जाड, खाली दरी, पलीकडे डोंगर. खणत कुणीच नाही! आपल्या वाईत आडाला पाणी आहे की नाही ते खणल्याशिवाय कळत नाही, आणि हे न बघितलेल्या डोंगराचा नकाशा काढतात. मी झाडू धरून उभाच राहिलो. शिवाय शेपटीत एक यंत्र आहे, ते खडकातलं लोखंड ओळखतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

नाल हँगरच्या दाराला ठोकावी, तर दार तीन मजली उंच आणि सरकणारं. म्हणून पार्सलच्याच वर्तमानपत्रात गुंडाळून ती विमानाच्या शेपटीत सरकवली (नमस्कारही केला). मंगळवारी विमान चाचणीला गेलं आणि यंत्र म्हणालं, खाली लोखंडाचा डोंगर! भर समुद्रात! पुढे गेले, तर डोंगर बरोबर. वळले, तर डोंगर जरा दबला आणि पुन्हा उठला. परत आले, तर डोंगर हँगरमध्ये. मोठ्या साहेबाचा चेहरा मळलेल्या कणकेसारखा झाला, कारण यंत्र बिघडलं असेल तर यंदाची मोहीमच रद्द. (त्या मोहिमेत स्वयंपाक्याच्या हाताखाली जायला मी नाव दिलं होतं. हे तुला लिहायचं राहिलं.)

यंत्र सांभाळणारी मंजिरी आपल्यातली, म्हणजे आईवडील दोघं डॉक्टर, स्टॅनमोरला राहतात, ही जन्मली इथेच. ती रांगत शेपटीत शिरली आणि पुडकं घेऊन बाहेर आली. ते मराठी वर्तमानपत्र वाचू शकणारी माणसं त्या हँगरमध्ये दोनच, आणि त्यातलं एक ती! जवळ येऊन हळूच आपल्या मोडक्या मराठीत म्हणते, "उदय, हा काय वेडेपणा केली तू? माझा आईच्या दारावर पण असाच आहे!" मग कागद स्वतःच्या खिशात कोंबला आणि नाल साहेबापुढे धरली. कुणाची, ते सांगितलं नाही. साहेब नालेकडे असा बघत राहिला, जणू मागोमाग घोडाही येणार आहे. तेवढ्यात आमचा मेकॅनिक हॅमिश ती हातात घेऊन म्हणाला, ज्यानं कुणी ठेवली त्या गाढवानं टोकं खाली केली असणार, म्हणून नशीब सांडलं. त्याच्या आजीच्या दारावर टोकं वर असतात म्हणे. आत्या, मी थक्क! एवढ्या शिकलेल्या मुलखात याच्यावर अर्धा तास वाद झाला, आणि गाढव कोण ते विचारायचं राहूनच गेलं.

तुझा आज्ञाधारक (मंगळवारपर्यंतचा),
उदय

ता. क. नाल परत येणार नाही. हॅमिशनं ती चहाच्या खोलीवर ठोकली. टोकं वर.

आणखी एक ता. क. बसून वाच. माझं नाव यादीत आलं. महिन्याभरानं निघतोय. तुझी शनीची अंगठीही मंजिरीनं काढायला लावली. रागावू नकोस, तीही येतेय, आणि काल चहा पिताना इकडेतिकडे बघून विचारत होती, "तुझा आत्याकडे लोखंड नसलेला काय असतो का? तांबा चालतो." तेव्हा तांब्याचे दोन ताईत एअरमेलनं पाठव, एक तिचा, एक माझा. पत्रात शिव्या घातल्यास तरी चालेल, आशीर्वाद मात्र ताईतात घाल. ताईत, टपाल आणि तुझ्या गुडघ्यांचं तेल मिळून सोबत पंधरा पौंड.