लोटनभाऊची हाक

५ मे १९८९

खिंडीखालच्या शेवटच्या ढाब्यावर पोहोचलो. एरंडोल सोडून आज पाचवा दिवस. तिकडे ऊन डोकं फोडत होतं आणि इथे मे महिन्यात रस्त्याकडेला बर्फ. उतरल्या उतरल्या मूठभर तोंडात टाकला. ढाबेवाला हसला, मीही हसलो. शाळेतल्या पोरांना सांगायला वर्षभराची बेगमी झाली.

तरी आलोय कामासाठी. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत लोटनभाऊ सावद्याहून केळीचा ट्रक घेऊन इथवर आला होता. पुढे बर्फाने रस्ता बंद. केळी पिकायला लागलेली. क्लीनरला गाडीत ठेवून, पलीकडच्या व्यापाऱ्याला निरोप द्यायला तो खिंडीतून पायी निघाला, तो पोहोचलाच नाही. आई म्हणते, मेलेला कोणी पाहिलाय? त्यामुळे कमलवहिनी धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. यंदा सुट्टी लागली तशी ठरवलं, काय ते एकदाचं पाहून यायचं.

सोबत यायला कोणी तयार नाही. एकटाच जाईन. खिंडीत एक दगडी झोपडी आहे म्हणतात. तिथे एक रात्र, मग पलीकडे.

६ मे, संध्याकाळ

झोपडीत आहे. पाठीवरच्या पिशवीत घोंगडी, स्टोव्ह, वहिनीने बांधून दिलेल्या दशम्या. सकाळी बर्फ कडक होता, भराभर चाललो. दुपारी उन्हाने भुसभुशीत झाला आणि पाय गुडघ्यापर्यंत रुतायला लागले.

वाटेत एक म्हातारा मेंढपाळ भेटला. हिंदीत म्हणाला, महिनाभर थांब, बर्फ वितळला की हरवलेले आपोआप सापडतात. आणि धुकं आलंच तर जागचा हलू नकोस, धुक्यात हाकेमागे गेलेलं कोणी परतलेलं नाही. मी बरं म्हणालो. मोजे ओले झालेत, पण मजेत आहे.

७ मे, सकाळ

धुकं. उंबऱ्यापलीकडचं काही दिसत नाही. चहा उकळत होता तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"भाईदास, आठे शे मी."

अहिराणी. इथे आहे मी, म्हणतोय. या डोंगरात माझं नाव कोणाला माहीत, आणि अहिराणी कोण बोलणार? ओरडून विचारलं, कोठे शे तू?

"आठे. ये रे भो."

भाऊच. निघालो. पिशवी राहू दे.

७ मे, दुपार असावी

घड्याळ बंद पडलंय. तो कायम वीस पावलं पुढे. मी थांबलो की तोही थांबतो, विचारतो, "थकना का रे?" दिसत मात्र नाही.

मागे वळून पाहिलं. नवा बर्फ पडतोय, माझी पावलं बुजली. झोपडी कुठल्या अंगाला, कळत नाही. घोंगडी, स्टोव्ह, दशम्या, सगळं तिथेच. बोटं वाकत नाहीत —

नंतर

लोटनभाऊ सापडला.

आधी कोपर दिसलं. नखांनी उकरत गेलो. मनगटावर गोंदलेलं — कमल. चेहरा तसाच, झोपल्यासारखा. दोन वर्षं इथेच होता. पोटाशी धरून रडलो.

आणि पुढून, धुक्यातून, त्याचाच आवाज —

"ये रे भो, थोडंसंच राहिनं."

भाऊ माझ्या मांडीवर आहे.

अंधारतंय

जाणार नाही. कान झाकले तरी ऐकू येतं. पाय आहेत की नाहीत, कळत नाही —

ही वही भाऊच्या शर्टात खोचतो. सापडेल त्याने एरंडोलला कळवावं. वहिनीला सांगा, तो गेला. आईला — काय सांगाल ते सांगा. आमचा धाकटा, अभिमन, मला शोधायला निघेल. त्याला अडवा. अभिमन, येऊ नको. कोणीही हाक मारू दे —

आवाज बदलला.

भाऊचा नाही. माझा. मी तोंड मिटून बसलोय आणि तिकडून मीच —

"अभिमन, आठे शे मी."

अभिमन, तो मी नाही, तो मी ना