मनीला धुळं मानवेना

९ मार्च, रविवार
आबा आले. खरं तर आणले. गेल्या महिन्यात अंगणात पडले आणि शेजारच्या सखुअक्का दूध द्यायला येईपर्यंत तसेच पडून होते. तेव्हापासून यांचं एकच पालुपद, वडिलांना आता धुळ्याला आणायचं.
आबांच्या दोन अटी. एक, मनी मांजर बरोबर येणार. दोन, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी परत पोचवायचं. यांनी मान डोलावली. मी नाही डोलावली. परत कसलं? पुन्हा पडले तर?
साक्रीपलीकडच्या गावापासून धुळ्यापर्यंत मनी पोत्यात. रस्ताभर एकच सूर लावला होता. घरात पोतं सोडलं तर कुणाकडे न बघता थेट दिवाणाखाली.

१० मार्च
रजा टाकली. घर लावलं. मनीला दिवाणाखालून ओढून आंघोळ घातली. कोमट पाणी, माझाच शाम्पू. लॅबमध्ये रोज लोकांचं रक्त काढते, आज तिनं माझं काढलं. दोन्ही हात, मनगटापर्यंत.
आबांची गोधडीपण गरम पाण्यात जंतुनाशक घालून धुतली. तीन पाणी काळं निघालं! त्यांना हॉलमध्ये नवी गादी, नवी उशी, नवी चादर. सगळं लख्ख.
आबा दोरीवरच्या गोधडीकडे बघत म्हणाले, "बठ्ठं धुई टाकं तुनी?" मला वाटलं, सगळं धुतल्याचं कौतुक आहे. मग मनीकडे बघून, "मांजरले कोनी आंगोय घालस का?"
म्हणजे कौतुक नव्हतं.

११ मार्च
मनी दिवाणाखालीच. खात नाही. रेतीचं घमेलं ठेवलंय (शेजारी बांधकाम चालू आहे, रेती मागून आणली), त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.
संध्याकाळी आबांच्या नव्या गादीवर मुतली. फिनेलने पुसलं. तासाभरात पुन्हा तिथेच!! मी ओरडले. ती पुन्हा दिवाणाखाली.
आबांनी अर्धी भाकरी खाल्ली, तीही माझ्याकडे बघून. झोप नाही म्हणतात.
हे: गावी सोडून येऊ का?
मी: कोणाला?
हे फिनेलची बाटली जागेवर ठेवायला गेले.

१२ मार्च
दु. लॅबमधून थेट जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे. त्यांनी आधी माझे हात बघितले, मग विचारलं, "आंघोळ घातली?" शाळेनंतर एवढी बोलणी खाल्ली नव्हती.
मनीच्या अंगाला गावचा वास होता, तेवढीच ओळखीची वस्तू, ती मी धुऊन टाकली. फिनेल तर मांजराला विषच. चाटलं असतं म्हणजे... घमेलं मी कपड्यांच्या मशीनशेजारी ठेवलंय, मशीन गरगरलं की ती तिथे कशाला जाईल? आणि घमेल्याला लागूनच जेवणाची ताटली. "तुम्ही जेवाल का तिथे?" जेवणार नाही.
आता करायचं ते असं: सगळं घर नको, एकच खोली. पाठ भिंतीला लागेल आणि दार दिसेल असा कोपरा. घमेलं एकीकडे, खाणं दुसरीकडे. ओढून काढायचं नाही. डोळ्यांत रोखून बघायचं नाही. तिच्याजवळ जुनं, न धुतलेलं कापड ठेवायचं. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, मांजर फार उपाशी राहिलं तर यकृतावर जातं.
घरी येऊन न धुतलेलं कापड शोधलं. घरात एक नाही. या गोष्टीची आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.
शेवटी आबांनी गळ्यातला मफलर सोडला. "हाऊ ठेव. हाऊ तुना तावडीमा नही सापडना." मागच्या खोलीत, कपाटाच्या बाजूला पसरला.
चमचाभर सुकट भाजून ठेवली. सकाळी ताटली रिकामी असू दे.

१३ मार्च, होळी
ताटली रिकामी! मफलरवर केस!
पुरणपोळी केली. आबांनी एकच खाल्ली. "बरी शे." बस.

१६ मार्च, रविवार
बाईंनी सांगितलेला प्रयोग. जमिनीवर बसायचं, तिच्याकडे न बघता. तिनं बघितलं तर आपण हळूच डोळे मिटायचे, हळूच उघडायचे. म्हणजे 'मी तुला खाणार नाही' असं तिच्या भाषेत.
मी पंधरा मिनिटं केलं. मनीनं तोंड फिरवलं.
मग हे बसले. पाचव्या मिनिटाला डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. घोरायला लागले. मनी कपाटामागून आली, यांचा पाय हुंगला आणि परत गेली.
आबा दारातून बघत होते. खो खो हसले. "संजू, मांजर जागी शे आनि तू झोपी गया!" इथे आल्यापासून पहिल्यांदा हसले. यांनीही झोपमोड माफ केली.

१९ मार्च
मनीनं आज माझ्याकडे बघून डोळे मिटले. हळूच. दोनदा. लॅबमध्ये तिघींना सांगितलं. एकीलाही त्याचं काही वाटलं नाही.

२१ मार्च
बाईंनी सांगितलेलं कागदावर लिहून फ्रीजवर लावलंय. आज चहा ठेवला आणि वाचत उभी होते. पाठ भिंतीला, दार दिसेल असा कोपरा. एक शांत जागा. ओळखीच्या वासाचं काहीतरी. आणि समोर आबा, हॉलच्या मधोमध, नव्या गादीच्या काठावर बसलेले, एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला मिक्सर, डोक्यावर बेल. बेल वाजली की दचकतात. स्टँडवर बस लागायची वाट बघत बसावं तसे बसतात, पिशवी जवळ घेऊन.
चहा उतू गेला.
मांजरासाठी डॉक्टरकडे गेले मी. आबांसाठी कोणाला विचारलं? फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.
यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू माझ्या बापाला मांजर म्हणतेस?"
"नाही, मांजराला सासरा म्हणतेय."
त्यावर यांनी फ्रीजवरचा कागद वाचून काढला. मग स्वतःच म्हणाले, रविवारी गावी जाऊन खाट आणतो.

२३ मार्च, रविवार
खाट आली, टेम्पोतून. काथ्याची, मधे झोळ पडलेली. मागच्या खोलीत भिंतीला लावली, दार दिसेल अशी. खिडकीतून रस्ता दिसतो. गादी काढून टाकली. खाटेबरोबर आबांची दुसरी गोधडी आली, ट्रंकेत होती. मी हात लावला नाही. हात शिवशिवले पण लावला नाही.
आबांना कारण सांगितलं नाही. फक्त म्हटलं, हॉलमध्ये पाहुणे येतात.
"बरं करं तुनी," म्हणाले आणि आडवे झाले. दुपारी दोन ते पाच, गाढ.

२४ मार्च
मनीनं सोफा ओरबाडणं सोडलं. आता नखं खाटेच्या पायाला, काथ्याला. बाई म्हणाल्या होत्या, नखं घासणं बंद होत नसतं, जागा बदलता येते. सोफ्याचा एक हात गेलाच आहे, असो.
आबांनी आज दोन भाकऱ्या आणि वर ठेचा मागितला.

२९ मार्च
भांडण. मांजराला दूध द्यायचं नाही असं बाईंनी बजावलंय, मोठ्या मांजराला पचत नाही. घमेल्यातला पुरावा सांगतो की कोणीतरी देतंय.
मी: आबा, मनीला दूध दिलं?
आबा: नही वं.
मनीच्या मिशीला साय.
आबा: तिनी तिनी पी गयी व्हई.
स्वतःहून प्यायली म्हणे, आणि दूध फ्रीजमध्ये होतं, दार बंद! यांना हसू आवरेना. मला राग आवरेना. शेवटी तह झाला, दुधाऐवजी उकडलेलं अंडं. अर्धं तिला, अर्धं आबांना.

५ एप्रिल
माझ्या चपलेत पाल. मेलेली. पाय घालण्याआधी दिसली हे नशीब.
आबा म्हणतात, "तुले शिकार करता येत नही म्हनीसन ती शिकाडी राहिनी." मी आभार मानले आणि चप्पल धुतली. चप्पल तरी धुवायची परवानगी आहे ना?

८ एप्रिल
पोतं पुन्हा नाही. झाकणाची टोपली आणली. बाईंची युक्ती अशी की टोपली प्रवासाच्या दिवशी काढायची नाही, रोज घरात उघडी ठेवायची, आत कापड आणि सुकट. चार दिवस बाहेरूनच हुंगत होती. आज आत बसली, झोपली, झाकण लावलं तरी झोपलेली.
हे म्हणाले, "आता आखाजीला गावी न्यायला सोपं." माझा चेहरा पडला असणार. विषय बदलला त्यांनी.

१६ एप्रिल
आबांनी विचारलं, आखाजीला किती दिवस राहिले. म्हणजे मोजतायत.
सं. स्वयंपाकघरात यांच्याशी वाजलं.
"मी शब्द दिलाय त्यांना."
"मी नाही दिला."
"घर त्यांचं आहे."
"आणि पडले तर? सखुअक्कांना रोज दूध द्यायचं असतंच असं नाही."
वळले तर आबा दारात, कडेवर मनी. ऐकलं होतं सगळं.
म्हणाले, "त्या भीतले तुनी सासूना हातनं सारवन शे." एवढंच.
सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. गावच्या घराची ती भिंत मी कितीदा पाहिली असेल, सारवण म्हणून पाहिली. मी रडले. मग सरळ सांगून टाकलं, "आबा, मला भीती वाटते. तुम्ही तिथे एकटे असलात की लॅबमध्ये फोन वाजला तरी छातीत धस्स होतं."
आबांनी 'हं' केलं. मनीला खाली सोडलं. थोड्या वेळाने खोलीतून हाक, "च्या करशी का?"
नेईन गावी. शब्द म्हणजे शब्द. पुढचं काय ते मला सुचत नाही.

३० एप्रिल, आखाजी, गावी
दोघांनी रजा घेतली. मनी टोपलीत, वाटभर आवाज नाही. आबा पुढच्या सीटवर, साक्री गेल्यापासून ताठ बसलेले.
कुलूप उघडलं. दीड महिना घरात कुणी राहिलेलं नाही, एक किल्ली शेजारी. सखुअक्कांनी आबांना विचारून ओट्यालगतच्या खोलीत कांदे भरलेत, चारापण. त्यांचा बोका उंबऱ्यावर पाय पसरून बसला होता, घर त्याच्याच नावावर असल्यासारखा. हाकलला.
टोपली उघडली. मनी बाहेर आली, दोन पावलं टाकली, जमीन हुंगली, शेपूट फुगली आणि थेट धान्याच्या कोठीमागे. तिच्या स्वतःच्या घरात!
आबा किती वेळ बघत राहिले. "हाई काय वं, मने? आपलंच घर शे."
मला कळलं होतं. घरभर बोक्याचा वास आहे. तिचा उरला नाही.
घागर पुजली. खापरावरची पुरणपोळी, आमरस. पोरी झोक्यावर गात होत्या. आबा ओट्यावर बसून गाव बघत होते. ओळखीचे आले, बोलले, गेले. भिंतीवरून हात फिरवताना दिसले मला. मी आत निघून गेले.

१ मे, गुरुवार, गावी
यांना सुट्टी आहे पण उद्या ड्यूटी. माझीही. आज निघायचंय.
मनी अजून कोठीमागे. सुकट ठेवली, सखुअक्कांच्या बोक्याने खाल्ली.
स. चहा घेताना यांनी विचारून टाकलं, "आबा, काय ठरवलं?" माझ्या हातातली बशी थांबली.
आबा म्हणाले, "मनी टोपलीमा बसनी तं मी बी गाडीमा बससू. नही बसनी तं आमी दोन्ही आठेच." दोघं इथेच म्हणे, आणि हसले. थट्टा की खरं, काही कळू दिलं नाही.
हे लगेच कोठीकडे निघाले. आबा ओरडले, "ओढू नको रे! तिले येवानं व्हई तवय येई."
टोपली मधे ठेवली, झाकण उघडं. आत धुळ्याचं कापड. आम्ही तिघं ओट्यावर. कुणी हाक मारायची नाही, कुणी बघायचं नाही.
१०.३० नाही.
११.१५ डोकं बाहेर. टोपलीकडे बघितलं. परत आत. हे घड्याळ बघतायत. सखुअक्का विचारून गेल्या, "आबा, राहतस का मंग?" आबा म्हणाले, "मनीले इचार."
१२.०० सावली ओट्यावरून सरकली. आबांनी दोनदा खिशातला फोन काढून वेळ बघितली. मला वाटलं, ऊन लागतंय. आत चला म्हटलं. नाही म्हणाले. मग तिसऱ्यांदा फोन बघून यांच्याकडे वळले, चिडलेले.
"संजू, किती वाजता पोचसूत? आज नळले पानी येवाना दिन शे. टाकी कोन भरी?"
धुळ्याच्या नळाचा दिवस माझ्या लक्षातच नव्हता. यांच्याही नव्हता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. हे म्हणाले, "चारपर्यंत पोचू." आबा म्हणाले, "चारले तं पानी चाली जाई."
मी मान खाली घालून लिहितेय. डोळे पुसताना दिसायला नको.
१२.२० मनीचे पुढचे दोन पाय टोपलीत आहेत. मागचे दोन जमिनीवर.