नकुशीची चौथी

१२ ऑगस्ट १९७४, सोमवार

नकुशीनं आज पुन्हा पाटी कोरीच दिली. सात आठे किती, एवढंच विचारलं होतं. बाकीची पोरं – तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान – खाली माना घालून लिहीत होती आणि ही खिडकीतून पाटाच्या पाण्याकडे बघत बसलेली. चौथीतलं हे तिचं तिसरं वर्ष. तेरावं लागलंय. तरटाच्या पट्टीवर बसली की लांब झालेले पाय कुठे ठेवावेत हे तिला कळत नाही, सारखे परकराखाली ओढून घेते.

दुपारच्या सुट्टीत सोपानराव गुरुजींना विचारलं. ते या वाडीत अकरा वर्षं हेडमास्तर. मी जूनमध्ये शिरूरहून बदलून आलेली. तंबाखू मळता मळता म्हणाले, "बाई, तिच्यापायी जीव आटवू नका. दगडाला पाणी घातलं तर दगड भिजतो. उगवत न्हाई." आणि स्वतःच हसले.

मला हसू आलं नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर नकुशीचे वडील थांबले होते. हौसराव; ती त्यांना आण्णा म्हणते. वाडीच्या खालच्या अंगाला त्यांचा मळा, शेवंती आणि वांगी करतात. चपला उंबऱ्याबाहेर काढून आत आले आणि उभेच राहिले. "बाई, औंदा पोरगी पास करा. मारा, कोंडा, काय बी करा. पर चौथी काढा तिची."

आम्ही मास्तर लोक दारोदार हिंडतो – पोरी पाठवा, पोरी पाठवा. आणि इथे एक शेतकरी बाप मुलीच्या शिक्षणासाठी हात जोडून उभा! शाळा सुटल्यावर रोज तासभर माझ्या खोलीवर पाठवा म्हटलं. म्हणाले, "एक का, दोन तास ठेवा."

दिवसभर बरं वाटलं.

१९ ऑगस्ट

आली. दारातच बसली. आत ये म्हटलं तर म्हणाली, "पाय मळल्यात." धुवायला पाणी दिलं. मग आली.

८ सप्टेंबर, रविवार

शिरूर. येताना-जाताना एस.टी. चौफुल्याला दीड दीड तास थांबली. आमच्या ललिताला बीजगणित अडलं होतं, मी पोचेपर्यंत तिनं ते बाबांकडून समजून घेतलं होतं. वही मिटताना म्हणाली, "तू त्या नकुशीलाच शिकव. माझं होतं माझं माझं." हे वर्तमानपत्राआड हसले. चेष्टाच होती. पण नववीतली मुलगी इतक्या सहज बोलते तेव्हा ते बरेच दिवस मनात असतं.

२६ सप्टेंबर

वाचन येतं तिला. चांगलं येतं! धडा धडाधड वाचते, मी समजले, पाठ असेल. मग जुन्या कॅलेंडरमागचा मजकूर दिला. तोही वाचला. "मग वर्गात गप्प का बसतेस?" तर परकराची किनार दातांत धरली.

गणित मात्र नाहीच. आज दहापैकी दहा चूक.

४ डिसेंबर

मळ्यावर गेले होते. तिची आई, मालनबाई, वांगी तोडत होती. नकुशी गव्हात दारं धरत होती – एक वाफा भरला की पायानं माती लोटून पाणी दुसऱ्यात. मला बघून म्हणाली, "बाई, तुमच्या घड्याळात किती?" मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मग बांधापलीकडे ओरडली, "ज्ञानूमामा, अठ्ठावीस मिनिटं तुमी खाल्ली आमची! दोन वाफं कोरडं ऱ्हानार!"

तो शेजारच्या मळ्याचा ज्ञानू हसत म्हणाला, "तुज्या बाईंनी शिकवलं वाटतं भांडायला."

मी तिथेच हिशेब केला. पाटाच्या पाण्याची सात तासांची पाळी. एका वाफ्याला चौदा मिनिटं. तीस वाफे. अठ्ठावीस मिनिटं गेली – दोन वाफे. मला बोटं लागली. तिला नाही.

मग वहीत काय होतं?

५ डिसेंबर

तेच गणित वर्गात घातलं, वाफ्यांचंच. तिनं एकतीस लिहिलं.

२० जानेवारी १९७५

आज तिच्या तीन महिन्यांच्या वह्या एकत्र घेऊन बसले. ऊन खोलीतून अंगणात जाईपर्यंत बसले.

सात आठे सत्तावन्न. नऊ आठे त्र्याहत्तर. एकशे चव्वेचाळीस भागिले बारा – तेरा. चारशे वीस भागिले चौदा – एकतीस. सगळीकडे एक जास्त. दोन नाही, तीन नाही, एक कमीही नाही. रीत स्वच्छ, हातचे बरोबर, आणि शेवटी एक मिळवलेला.

ज्याला येत नाही तो कुठेही चुकतो. रोज नेमकं एकानं चुकायचं तर आधी उत्तर माहीत लागतं.

ही पोरगी मुद्दाम नापास होते आहे. दोन वर्षं!

२२ जानेवारी

विचारलं. रागावले नाही. वह्या समोर ठेवल्या, प्रत्येक उत्तराखाली बोट ठेवत गेले. ती बघत राहिली. मग म्हणाली, "मला पास न्हाई व्हायचं."

का? तिनं सांगायच्या आधी मीच बोलत सुटले. पाचवी भांडगावला आहे, पाटाच्या कडेनं अडीच मैल चालायचं, वाडीतली एकही मुलगी जात नाही, सोबत सगळी पोरं. "त्याची भीती वाटते ना? पहिले आठ दिवस मी येईन तुझ्याबरोबर." तिनं माझ्याकडे बघितलं. आपण एखाद्या लहान मुलाकडे बघतो तसं. मग म्हणाली, "व्हय बाई."

भीतीच असणार. दुसरं काय?

२५ जानेवारी

हौसरावांना जाऊन सांगितलं. पोरगी हुशार आहे, मुद्दाम चुकते, तिला समजावून घ्या, धीर द्या – असं सगळं. ते ऐकून घेत होते. "असं हाय व्हय," एवढंच म्हणाले.

२८ जानेवारी

नकुशी गैरहजर. कालही नव्हती.

३० जानेवारी

आली. उजव्या तळहाताला हळद लावून फडकं बांधलेलं. "वैरण कापताना विळा लागला." मी फडकं सोडायला लावलं नाही. विळ्यानं काप जातो, पाचही बोटं सुजत नाहीत.

संध्याकाळी विहिरीवर मालनबाई भेटली. घागर भरून निघताना म्हणाली, "पोरीचं पोरीपाशी ऱ्हाऊ द्यायचं हुतं, बाई."

३१ जानेवारी

इथे तरी खरं लिहावं. मी हौसरावांकडे का गेले? तिच्या भल्यासाठी – हो. पण वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. सोपानरावांना दोन वर्षांत जे दिसलं नाही ते मला पाच महिन्यांत दिसलं, हे कुणाला तरी सांगायचं होतं. बापानं म्हणावं, बाई, तुम्ही होता म्हणून. ते ऐकायचं होतं मला. त्या शाबासकीची किंमत त्या हातानं दिली.

१४ फेब्रुवारी

आता सगळी उत्तरं बरोबर येतात. दहापैकी दहा, रोज. मला आनंद व्हायला हवा.

पूर्वी ती पाटाच्या पाण्याचं सांगायची, कुठल्या शेळीला कुणी काय नाव ठेवलं ते सांगायची. आता येते, लिहिते, जाते.

९ मार्च, रविवार

शिरूरला ललिता म्हणाली, "आई, तू वाळलीस." यांनी बदलीचा अर्ज करायला सांगितलं. म्हटलं, परीक्षा होऊ दे.

१७ एप्रिल

गणिताचा पेपर झाला. नकुशीनं सगळ्यांच्या आधी दिला. अक्षर मोत्यासारखं. मी वरवर बघितला आणि गड्डीत खाली घातला. बघायचा नाही अजून.

१९ एप्रिल

बघितला. सगळी उत्तरं एकानं जास्त.

हात बरा झाला, मार विसरली नसेल, घरी काय होईल हेही तिला ठाऊक असणार. आणि तरी प्रत्येक उत्तरात तो एक मिळवला तिनं. भाषेच्या पेपरात निबंध लिहिलाच नाही. इतिहासाचा अर्धा कोरा.

सोपानराव डोकावले. "कुणाचा? नकुशीचा? काठावर पास करा आन् मोकळ्या व्हा. आता काय तिला शाळंतच म्हातारी करायची?"

२० एप्रिल, रविवार

शिरूरला गेले नाही.

बावीस वर्षं नोकरी झाली. कुणाला एक गुण खैरात दिला नाही. शिरूरला एका सभापतींच्या मुलाला नापास केलं होतं, तेव्हा हे आठ दिवस अस्वस्थ होते, मी नव्हते.

आज काय केलं ते लिहून ठेवते. रीतीला गुण द्यायचे असतात, ते सगळे दिले. मग काही उत्तरांतून एक मनातल्या मनात वजा केला आणि उरलेल्याला गुण दिले. सगळ्या उत्तरांना दिले असते तर शंभर झाले असते. तेवढे देववले नाहीत. गणितात छत्तीस. भाषा आणि इतिहास तोंडी परीक्षेवर वर काढले – तोंडीला ती माझ्यासमोर उभी होती, काही बोलली नाही, पण मला माहीत आहे तिला येतं.

तिला येतं. मग हे खोटं कसं? दिवसभर स्वतःला हेच सांगते आहे. एका मुलीच्या भीतीपायी तिचं हे तिसरं वर्षही वाया घालवायचं का? कधी कधी मुलाच्या मनाविरुद्ध त्याचा हात धरून ओढावं लागतं. ललिताला पोहायला शिकवताना यांनी तिला विहिरीत ढकललंच होतं.

पण ललिताच्या पाठीला तरंगायला सुकड्या बांधल्या होत्या. आणि काठावर बाप उभा होता.

२१ एप्रिल

सोपानरावांनी निकालपत्रकावर सही केली. छत्तिसावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. "झाली म्हणायची शेवटी," म्हणाले. आवाजात कौतुक होतं. मला ते नको होतं.

१ मे

निकाल. नावं मीच वाचली. "नकुशी हौसराव – पास." पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "नकुशी सुटली!"

ती जागची उठली नाही. मग खांद्यावर ओढणीसारखा आईच्या जुन्या लुगड्याचा पदर गुंडाळलेला होता, त्यात तोंड खुपसून रडली. मी पाठीवर हात ठेवला. पाठ ताठ होती.

पहिल्यांदा पास झाल्यावर मुलं रडतात. रडतात ना?

२ मे

भांडगावच्या शाळेत जाऊन पाचवीची चौकशी केली. जागा आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "वाडीची पहिलीच मुलगी." सोमवारी हौसरावांशी बोलायचं.

४ मे, रविवार

सुट्टीसाठी सामान बांधत होते. हौसरावच आले, नारळ आणि पेढे घेऊन. मागे नकुशी, साडीत. आज पहिल्यांदा परकर नाही.

पाया पडायला लागले माझ्या. "बाई, दोन वर्सं पाव्हणं अडून बसलं हुतं. पोरगा दौंडला रेल्वेत लागलाय, त्येला चौथी पासच बायकू पायजे. तुमच्यामुळं जमलं. अखितीला हळद हाय. यायचं बरं का." पाचवीचं मी बोलले असेन, त्यांना ते ऐकूच आलं नाही. लग्नाला कायद्यानं लागतो तो पंधरा वर्षं वयाचा दाखला गुरुजी देतो म्हणालेत, तेवढा घेऊन येतो म्हणून शाळेकडे गेले.

आम्ही दोघीच राहिलो. "मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

पेढ्यांचा पुडा कट्ट्यावर ठेवत ती म्हणाली, "तुमी आण्णास्नी सांगितलं असतं."